प्रत्येकी किती?

गणेशोत्सवाच्या महाप्रसादात "प्रत्येकी दोन मोदक" अशी पाटी लावावी की नाही, हा वाद परदेशातल्या मराठी मंडळांना नवा नाही. एक पक्ष म्हणतो, "अहो, जेवायला बोलावलेल्याला मोजून वाढायचं, ही काय आपली रीत आहे?" दुसरा पक्ष म्हणतो, "रीत ठीक आहे हो, पण सकाळपासून खुर्च्या मांडणाऱ्या स्वयंसेवकांची पाळी येईपर्यंत नुसता वरण-भात उरतो, त्याचं काय?" दोघांचंही खरं असतं. आग्रहानं वाढणं हा आपला संस्कार आहे आणि मोदक मोजकेच असणं ही वस्तुस्थिती आहे. पण या छोट्याशा वादामागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखाद्याला "इतकंच, याहून जास्त नाही" असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, की तसं न सांगणं हा दुसऱ्या कुणावर तरी अन्याय आहे?

मला हा प्रश्न मोदकांपेक्षा माझ्या पोटापाण्याच्या कामात जास्त वेळा भेटतो. मी आय.टी. कन्सल्टंट आहे, आणि एका सर्व्हरवर चालणाऱ्या शेकडो प्रोग्रॅमपैकी कुणी किती मेमरी वापरायची हे ठरवणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. ज्यांचा संगणकाशी संबंध ई-मेल आणि विमानाच्या तिकिटापुरता आहे, त्यांनी कृपया पान उलटू नये. गोष्ट तशी घरातलीच आहे.

संगणकाची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा, आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. कोठीत भरपूर सामान मावतं, पण काम ओट्यावरच होतं, आणि ओटा लहान असतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला आमच्या भाषेत प्रोसेस म्हणतात. ती ओट्यावर काम करणारी एकेक व्यक्ती. आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे या सगळ्यांना जागा वाटून देणारी घरातली कर्ती बाई. या बाईची एक खुबी अशी, की ती प्रत्येकाला वाटू देते की अख्खा ओटा आपल्या एकट्याचाच आहे. याला व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅटलस या संगणकावर १९६२ मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आली. मुख्य मेमरी अगदी लहान, पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती कितीतरी मोठी भासायची, कारण न लागणारं सामान गुपचूप मागच्या साठ्यात जायचं आणि लागलं की परत यायचं. आपल्याकडे याला माया म्हणाले असते!

ही माया एका हद्दीपर्यंतच चालते. ओट्याजवळ फार माणसं झाली, की एकाचं पोळपाट ठेवायला दुसऱ्याची परात उचलावी लागते, आणि दुसरा लगेच परात मागतो. मग सगळा वेळ सामान कोठीत नेण्या-आणण्यातच जातो. जो तो घामाघूम, पण एक पोळी भाजून होत नाही. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या रोगाचं कारण नीट मांडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक प्रोसेसला एका वेळी काही ठरावीक सामान हाताशी लागतंच. तेवढं मिळणार नसेल तर तिला अर्धपोटी राबवण्यापेक्षा थोडा वेळ बाजूला बसवणं बरं. एम.एस. करताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात मी हे पहिल्यांदा शिकलो, तेव्हा ते मला फक्त तंत्र वाटलं होतं. आता वाटतं की त्यात नीतीचाही एक विचार आहे. सगळ्यांना थोडं थोडं देणं हे दिसायला न्यायाचं वाटतं, पण कुणालाच पुरेसं न मिळण्याइतकं थोडं देणं यात न्याय नसतो.

आता यातला सगळ्यात चमत्कारिक भाग. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम जगातल्या बहुसंख्य मोठ्या सर्व्हरवर चालते. प्रोग्रॅमनं मेमरी मागितली की ती सहसा "घे" म्हणते. सगळ्यांना दिलेल्या शब्दांची बेरीज केली तर ती जवळ असलेल्या मेमरीपेक्षा जास्त भरू शकते. याला ओव्हरकमिट म्हणतात. हे वाटतं तितकं बेजबाबदार नाही. प्रोग्रॅम मागतात खूप आणि प्रत्यक्ष वापरतात कमी. शिवाय एखादी प्रोसेस स्वतःची जुळी प्रोसेस काढते, तेव्हा कागदावर दुप्पट मेमरी लागते, पण दोघी बराच काळ एकच सामान वाटून वापरतात. प्रत्येक शब्दामागे खरी जागा राखून ठेवली तर अर्धा ओटा रिकामाच राहील. म्हणून "होईल सगळं व्यवस्थित" या भरवशावर शब्द दिले जातात, आणि बहुतेक दिवशी सगळं खरोखरच व्यवस्थित होतं.

पण एखाद्या दिवशी सगळेच आपापला शब्द वटवायला येतात. ओटा भरलेला, कोठी भरलेली. अशा वेळी लिनक्समध्ये आउट ऑफ मेमरी किलर नावाची यंत्रणा जागी होते. नावातच सगळं आलं. ती चालू प्रोसेसपैकी एकीला निवडते आणि जागच्या जागी मारून टाकते. निवड कशी होते? २०१० मध्ये हा हिशेब नव्यानं लिहिला गेला. मुख्यतः जी प्रोसेस सर्वात जास्त मेमरी वापरते आहे ती मरते. व्यवस्थापकाला या गुणांत उणे १००० पासून अधिक १००० पर्यंत फेरफार करता येतो. उणे १००० म्हणजे हिला हात लावायचा नाही.

नीट पाहिलं तर यात दोषी कोण हा प्रश्न विचारलेलाच नाही. सर्वात मोठी कोण, एवढंच विचारलं आहे. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटकडे महिनाअखेर आली की रात्री डेटाबेस बंद पडायचा. सकाळी मीटिंग, आणि मीटिंगमध्ये डेटाबेस सांभाळणारे लोक आरोपीच्या पिंजऱ्यात. प्रत्यक्षात नुकताच बसवलेला रिपोर्टांचा एक प्रोग्रॅम दर तासाला थोडी थोडी मेमरी घ्यायचा आणि परत करायचा नाही. तो तसा लहानच. डेटाबेस मात्र वर्षानुवर्षं सगळ्यांचं काम डोक्यावर घेऊन मोठा झालेला. टंचाई आली की मोठा म्हणून तोच मरायचा. शेवटी रिपोर्टांच्या प्रोग्रॅमला त्याच्यापुरती मेमरीची मर्यादा घातली. पुढच्या महिनाअखेरीस तो एकटा मेला, डेटाबेस चालत राहिला, आणि गळती नेमकी कुठे आहे हे दोन दिवसांत सापडलं.

रिपोर्टवाल्यांची तक्रार मला अजून आठवते. "आमचा प्रोग्रॅम आधी चालत होता, तुमच्या मर्यादेनं तो बंद पडला." शब्दशः पाहिलं तर खरंच होतं ते. पण टंचाई मर्यादेनं आणली नव्हती. टंचाई आधीपासून होती. तिची किंमत इतके दिवस दुसराच कुणी भरत होता. मर्यादेनं ते बिल फक्त योग्य पत्त्यावर पाठवलं. मर्यादा म्हणजे कंजुषी नव्हे, हे मी स्वतःला समजावतो ते असं.

तरीही मर्यादा घातली की न्याय झाला, असं मुळीच नाही. पहिली अडचण, "प्रत्येकी" म्हणजे कोण? युनिक्समध्ये मर्यादा घालण्याची सोय १९८३ च्या बर्कलीच्या आवृत्तीत आली, पण ती बरीचशी एकेका प्रोसेसपुरती होती. एकीला १ गिगाबाइटची मर्यादा घाला, तिनं आपल्यासारख्या १० प्रोसेस काढल्या की झाले १० गिगाबाइट. मोदकांच्या रांगेत दोन घेऊन पुन्हा मागे जाऊन उभे राहणारे आपण पाहतोच! म्हणून गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये प्रोसेसच्या गटाला मिळून मर्यादा घालण्याचं काम सुरू केलं. त्याला कंट्रोल ग्रुप किंवा सीग्रुप म्हणतात, आणि २००८ मध्ये ते लिनक्समध्ये दाखल झालं. आज क्लाउडवर जे काही चालतं त्याचा हा एक पाया आहे. पण माणसांच्या जगात गट कोणता धरायचा, माणूस की कुटुंब की घरातला कमावता, हे कुठलंही यंत्र ठरवून देत नाही. एकटा राहणारा विद्यार्थी आणि पाच जणांचं कुटुंब यांना "दर घरी चार" हा नियम सारखा आहे, पण न्याय सारखा नाही.

दुसरी अडचण, मर्यादा ज्याला घातली त्याला ती सांगितली का? जावा भाषेतले प्रोग्रॅम सुरू होताना मशीनमध्ये किती मेमरी आहे ते पाहतात आणि साधारण एक चतुर्थांश आपल्यासाठी धरून चालतात. २०१८ मध्ये जावा १० येईपर्यंत त्यांना सीग्रुपची मर्यादा धड दिसतच नसे. मशीन ६४ गिगाबाइटचं, प्रोग्रॅमला मर्यादा ४ ची. प्रोग्रॅम आपला १६ चा अंदाज बांधून निवांत पाय पसरायचा आणि मारला जायचा. त्यात त्याची काय चूक? न सांगता घातलेली मर्यादा म्हणजे सापळा. घराघरांतही हे चालतं. "कधीही ये, घर तुझंच आहे" म्हणायचं आणि तिसऱ्या आठवड्यात चेहरा पाडायचा!

तिसरी अडचण, मर्यादा घालतो कोण? ज्याच्या हातात सत्ता असते तो. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञानं १९७१ च्या आपल्या ग्रंथात एक कसोटी सुचवली. समाजाचे नियम ठरवताना आपण त्यात कोणत्या जागी असणार हे आपल्याला ठाऊक नाही असं समजा, आणि मग ठरवा. आपल्या भाषेत सांगायचं तर, रांगेत आपला नंबर पहिला की शेवटचा हे माहीत नसताना मोदकांचा नियम करा. या कसोटीला उतरणारे नियम फार थोडे असतात, पण जे उतरतात ते टिकतात.

सीग्रुपच्या नव्या आवृत्तीत मेमरीसाठी चार रेषा आखता येतात, आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं. सर्वात वरची मॅक्स. ती ओलांडता येत नाही. तिच्याखाली हाय. ती ओलांडली की मारत नाहीत, पण वेग कमी करतात आणि वापरात नसलेलं सामान काढून घेऊ लागतात. म्हणजे समज देणं. त्याखाली लो. तेवढं शक्यतो तुझ्याकडून घेणार नाही, अगदीच नाइलाज झाला तर घेईन. आणि सर्वात खाली मिन. तेवढं काही झालं तरी तुझंच. म्हणजे चारपैकी दोन रेषा अडवणाऱ्या आहेत आणि दोन राखणाऱ्या. दुसऱ्यांना वरची रेषा आखल्याशिवाय कुणाला खालच्या रेषेचं वचन देता येत नाही. मर्यादा आणि अभय ही एकाच हिशेबाची दोन टोकं आहेत.

आता आपल्याकडे वळू. परदेशात राहणारा मराठी माणूस हा मोठा ओव्हरकमिट करणारा प्राणी आहे. ऑफिसला शब्द दिलेला, मुलांच्या सॉकरला दिलेला, रविवारच्या मराठी शाळेला दिलेला, मंडळाच्या नाटकाच्या तालमींना दिलेला. आणि फोनवर आईला सांगितलेलं, "यंदा दिवाळीला नक्की येतो गं." यातला एकही शब्द खोटा नसतो. प्रत्येक शब्द देताना आपण अगदी मनापासून देतो. फक्त बेरीज केलेली नसते. आणि मग ऑफिसात रिलीजची तारीख, मुलाचा ताप आणि नाटकाची रंगीत तालीम एकाच आठवड्यात येतात, आणि आपल्या डोक्यातला किलर जागा होतो.

तो कुणाला निवडतो? इथे संगणक आणि माणूस यांत एक फरक आहे, आणि तो माणसाच्या बाजूनं नाही. लिनक्स सर्वात मोठ्याला मारतो. नियम कठोर आहे, पण लिहिलेला आहे, कुणीही वाचावा. आपण मात्र सर्वात कमी कुरकुर करणाऱ्याला निवडतो. बॉस ओरडेल, कोच ई-मेल पाठवेल, दिग्दर्शक रुसेल. आई म्हणेल, "असू दे रे, तुझी कामं महत्त्वाची. आम्ही काय, आहोतच इथे." मग दिवाळीचं तिकीट रद्द होतं.

हे फक्त आपल्या भावनिक आयुष्यात घडतं असं नाही. विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. तोही ओव्हरकमिटच. अमेरिकेत पूर्वी जास्तीच्या प्रवाशांपैकी कुणाला खाली ठेवायचं हे कंपनी आपल्या मनानं ठरवी. ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञानं लिहून ठेवलं आहे की त्यासाठी वृद्ध माणसं आणि सैनिक निवडले जात, कारण ते तक्रार करण्याची शक्यता सर्वात कमी. सायमन यांनी १९६८ मध्ये उपाय सुचवला की आपण होऊन थांबायला तयार असलेल्याला मोबदला द्या. आधी त्याला कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत तशा प्रकारची पद्धत लागू झाली. आज विमानतळावर "कुणी पुढच्या विमानानं जायला तयार आहे का?" असं विचारतात आणि व्हाउचर देऊ करतात, ते त्यातूनच आलेलं आहे. सायमन यांच्या उपायानं विमानात एकही जागा वाढली नाही. फक्त गप्प बसणाऱ्यावर पडणारा भार उघड झाला आणि त्याला विचारणं भाग पडलं.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण मिरजेला असते, आई-बाबांच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी इथे, धाकटा भाऊ बंगळूरला. दवाखाना, बँक, नळदुरुस्ती, सगळं ताईकडे. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ती शांतपणे म्हणाली, "हे बघा, आई-बाबांचं मी बघते आणि पुढेही बघेन. पण दरवर्षी मे महिना माझा नाही. तेव्हा तुम्हा दोघांपैकी एकानं इथे येऊन राहायचं. कोणी यायचं ते तुम्ही ठरवा." नातेवाइकांत थोडी चर्चा झाली. "मुलगी असून असं मोजूनमापून बोलते" हे वाक्य आमच्यापर्यंत पोचलं. आम्ही दोघा भावांनी आळीपाळीनं मे महिना घेतला. माझी पाळी असते तेव्हा मी रात्री मिरजेहून ऑफिसचं काम करतो.

मला नवल वाटलं ते आईच्या बोलण्याचं. ती म्हणाली, "बरं झालं ताई बोलली. इतके दिवस तिच्याकडे काही मागताना जीव कसनुसा व्हायचा, किती करतेय बिचारी म्हणून. आता अकरा महिने मी हक्कानं मागते." मर्यादा घालणाऱ्याची सुटका होते हे मला ठाऊक होतं. मागणाऱ्याचीही होते, हे आईनं सांगितलं. जिथे मर्यादा नाही तिथे मागणारा प्रत्येक वेळी मनातल्या मनात अंदाज बांधत राहतो, आता जास्त तर झालं नाही ना? स्पष्ट रेषा असली की रेषेच्या आतलं सगळं निःसंकोच आपलं होतं.

अर्थात हा दृष्टांत फार ताणू नये. प्रोसेस मेली तर पुन्हा सुरू करता येते, आणि तिला दुःख होत नाही. माणसाची गरज आधी सांगून येत नाही. ताईच्या मे महिन्यात बाबा आजारी पडले, तर ती कॅलेंडर दाखवणार नाही, धावतच येईल. आणि यावंच तिनं. घरातल्या मर्यादेला दार असावं लागतं, आणि दाराशी नियम वाचणारं यंत्र नको, माणूस हवा. पण दार असण्यासाठी आधी भिंत असावी लागते. ज्या घरात भिंतच नाही, तिथे रोजच आणीबाणी असते, आणि रोजच्या आणीबाणीत खरी आणीबाणी ओळखू येत नाही.

आग्रह करणारे आपले लोक चुकीचे नाहीत. "अजून एक घ्या" यात प्रेम आहे. फक्त ते प्रेम ओट्यापाशी उभं राहून मोदक मोजण्याइतकं खंबीर असावं. यंदा मंडळाची कामं वाटण्यासाठी स्वयंसेवकांची यादी फिरेल, ऑफिसात नवीन प्रोजेक्ट येईल, मुलांचे क्लास वाढतील. नवीन कशालाही "हो" म्हणण्यापूर्वी एका कागदावर चार रेषा आखून पाहा. वरच्या दोन भरायला फार वेळ लागत नाही, कारण तिथली माणसं आठवण करून देतच असतात. सर्वात खालच्या रेषेवर कुणाचं नाव लिहायचं, यासाठी मात्र जरा थांबावं लागेल. कारण ज्याचं नाव तिथे हवं, त्याचा फोन बहुधा आलेला नसतो.